किनाऱ्यावरचा कचरा आणि घरातली पिशवी

(सागरकिनारा स्वच्छतेच्या कामात सहभागी असलेल्या कार्यकर्त्यांच्या व कुटुंबीयांच्या एकत्रीकरणात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



रविवारी सकाळी साडेसहाला पन्नास-साठ माणसे किनाऱ्यावर जमतात. हातमोजे चढवतात, गोणी पसरतात आणि दोन तासांत वाळूचा एक पट्टा नजरेला सुखावेल इतका स्वच्छ करतात. पुढच्या रविवारी तीच माणसे, काही गळून चाळीस झालेली, त्याच जागी येतात आणि पाहतात तो वाळू पुन्हा पिशव्या, चिंध्या आणि थर्माकोलच्या तुकड्यांनी भरलेली. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात कोणीतरी शेवटी बोलून जातो, ‘हे किती दिवस चालायचे? समुद्राने आणून टाकायचे आणि आपण उचलायचे, याला काही अंत आहे की नाही?’

हा प्रश्न निरुत्साही माणसाचा म्हणून झटकून टाकण्यासारखा नाही. त्याचे प्रामाणिक उत्तर द्यायचे तर असे द्यावे लागेल की, नुसते उचलत राहिल्यास अंत नाही. किनारा झाडणे ही या कामाची शेवटची पायरी आहे. पहिली पायरी किनाऱ्यापासून पंधरा-वीस किलोमीटर आत, एखाद्या स्वयंपाकघराच्या ओट्याशी असते.

सकाळी अंथरुणातून उठल्यावर भूमीवर पाऊल ठेवण्यापूर्वी तिची क्षमा मागण्याचा संस्कार अजूनही पुष्कळ घरांत टिकून आहे. त्या प्रार्थनेत समुद्र हे भूमातेचे वस्त्र मानले आहे. ज्या घरात ही प्रार्थना म्हटली जाते, त्याच घरातून दिवस मावळेपर्यंत दहा-बारा पिशव्या आणि पुड्या बाहेर पडतात आणि त्यांतली एखादी तरी त्या वस्त्राच्या काठाला जाऊन चिकटते. पाठांतर आणि आचरण यांच्यातले हे अंतर काही कोणा परक्याने निर्माण केलेले नाही.

किनाऱ्यावरचा कचरा जहाजांतून येतो किंवा भेळ खायला आलेले लोक टाकून जातात, अशी एक सोयीस्कर समजूत आहे. दोन्ही गोष्टी घडतात, हे खरे. मे २०२५ मध्ये केरळच्या किनाऱ्याजवळ एक मालवाहू जहाज बुडाले आणि त्यातील प्लास्टिकचे बारीक पांढरे दाणे तिरुवनंतपुरमपर्यंतच्या वाळूत पसरले. पण असे प्रसंग अपवादात्मक. रोजचा कचरा नाल्यांतून येतो. मुंबईची मिठी नदी विहार तलावाच्या सांडव्यापासून निघते आणि पवई, साकीनाका, कुर्ला असे सुमारे अठरा किलोमीटर अंतर कापून माहीमच्या खाडीत शिरते. वाटेत दोन्ही काठांवरचे जे जे कोणाला नको असते, ते ते ती पदरात घेते. ओशिवरा नदी मालाडच्या खाडीकडे हेच करते. पोयसर आणि दहिसर या नद्यांचीही कथा निराळी नाही. शहरवासीयांच्या लेखी ह्या नद्या कधीच उरल्या नाहीत. त्यांना ‘नाला’ म्हटले की मनाला टोचणी लागत नाही.

२६ जुलै २००५ या दिवशी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला आणि शहर बुडाले. त्या पुराची कारणे अनेक होती. नदीपात्रातील भराव आणि अतिक्रमणे होती, जुन्या पर्जन्यवाहिन्यांची अपुरी क्षमता होती. परंतु गटारांच्या जाळ्यांवर घट्ट बसलेल्या पातळ पिशव्या हेही एक कारण होते, हे त्या वेळी सर्वांनी मान्य केले. ज्या पिशवीतून कोथिंबीर घरी आली, तीच पिशवी पाण्याला वाट अडवून पुन्हा घरात आली.

या पिशवीचा प्रवास थोडा समजून घेण्यासारखा आहे. पॉलिथिन आणि पॉलिप्रॉपिलीन हे पाण्याहून हलके असतात. म्हणून पिशवी, पुडी, बाटलीचे बूच ही मंडळी तरंगत खाडी ओलांडतात. पाण्याची बाटली ज्या पेट नावाच्या प्लास्टिकची असते, ते मात्र पाण्याहून जड. बूच घट्ट असेल तोवर आतल्या हवेमुळे बाटली तरंगते आणि बूच निघाले की पाणी भरून तळाशी जाते. किनाऱ्यावर वेचताना बाटल्यांपेक्षा बुचेच अधिक का सापडतात, या प्रश्नाचे उत्तर बव्हंशी येथे आहे. जे दिसते त्याहून न दिसणारे पुष्कळ आहे. मग जूनमध्ये नैर्ऋत्येचे वारे सुटले की समुद्रावर तरंगणारा हा सारा ऐवज पुन्हा जमिनीकडे लोटला जातो. पावसाळ्यात मोठ्या भरतीला मरीन ड्राइव्हच्या कठड्यावरून लाटा कचरा रस्त्यावर फेकतात, ते दृश्य दरवर्षी दूरचित्रवाणीवर दिसते. लोक त्याचे छायाचित्र काढतात. समुद्र पावती देत असतो, एवढेच.

उन्हाने आणि लाटांच्या माऱ्याने प्लास्टिक ठिसूळ होते, तुटते, तुकड्यांचे तुकडे होतात. ते कुजत नाही, लहान होत जाते. एक अख्खी पिशवी वाळूतून उचलणे हे दोन सेकंदांचे काम. तीच पिशवी दोन उन्हाळे वाळूत राहिली की तिचे जे चूर्ण होते, ते कोणत्याही स्वयंसेवकाच्या बोटांत येत नाही. किनारा वेचण्याच्या कामाचे खरे मोल इथे आहे. वेळेवर उचललेली पिशवी ही पुढे कधीच गोळा करता न येणारे हजारो कण वाचवते.

हे काम चिकाटीने केले तर काय होते आणि केवळ चिकाटी कोठे अपुरी पडते, या दोन्ही गोष्टी वर्सोव्याने दाखवून दिल्या आहेत. अफरोज शाह हे व्यवसायाने वकील. वर्सोव्याच्या किनाऱ्यालगत राहायला आल्यावर त्यांना घराच्या खिडकीतून वाळू दिसेना, कचराच दिसू लागला. ऑक्टोबर २०१५ मध्ये त्यांनी ८४ वर्षांच्या एका शेजाऱ्यांना बरोबर घेऊन वेचायला सुरुवात केली. ना निवेदन, ना मोर्चा. चौऱ्याऐंशीव्या वर्षी वाळूत वाकून पिशवी ओढून काढणारे ते गृहस्थ या सगळ्या प्रकरणातले खरे आश्चर्य आहेत, पण त्यांच्याविषयी फारसे लिहिले गेले नाही. पुढे हळूहळू शेजारीपाजारी आले, कोळी बांधव आले, शाळा-महाविद्यालयांतील मुले आली. किनाऱ्यालगतची सार्वजनिक शौचालये धुतली गेली, नारळाची रोपे लागली. २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण विभागाने शाह यांना ‘चॅम्पियन्स ऑफ द अर्थ’ हा सन्मान दिला. मे २०१७ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी ‘मन की बात’मध्ये या कामाचा गौरवाने उल्लेख केला. तोवर पंच्याऐंशी आठवडे झाले होते आणि सुमारे पन्नास लाख किलो कचरा निघाला होता.

येथपर्यंतची कथा सर्वांना ठाऊक असते. तिच्या पुढचा भाग सहसा सांगितला जात नाही. नोव्हेंबर २०१७ मध्ये शाह यांनी मोहीम थांबवीत असल्याचे जाहीर केले. वेचलेल्या कचऱ्याचे ढीग वेळेवर हलविले जात नव्हते आणि स्वयंसेवकांना दमदाटी होत होती, ही त्यांची तक्रार होती. जगाने गौरविलेले काम गाडी न आल्यामुळे आणि गुंडगिरीमुळे बंद पडावे, ही लाजिरवाणी गोष्ट होती. काही दिवसांनी ते पुन्हा सुरू झाले. आणि मार्च २०१८ मध्ये त्याच वाळूतून ऑलिव्ह रिडले जातीच्या कासवांची किमान ऐंशी पिल्ले बाहेर पडून समुद्राकडे चालत गेली. कित्येक वर्षांत तेथे कोणी असे पाहिले नव्हते.

या पिल्लांचे महत्त्व केवळ भावनिक नाही. कासवाची मादी भरतीरेषेच्या वर कोरडी, मोकळी वाळू शोधून खड्डा करते, अंडी घालते आणि वाळू ओढून निघून जाते. त्या वाळूत हातभर खोलीपर्यंत पिशव्यांचे थर असतील तर खड्डा होत नाही, झाला तरी पिल्लाला वर येता येत नाही. समुद्रात तरंगणारी पिशवी कासवाला जेलीफिशसारखी दिसते आणि ते ती गिळते. रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यात वेळास हे छोटे गाव आहे. चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेने २००२ पासून तेथे ग्रामस्थांच्या साहाय्याने कासवांची घरटी राखण्याचे काम उभे केले. पूर्वी जेथे अंडी चोरीला जात, तेथे आज गावकरी घरट्यांची राखण करतात, पिल्ले निघण्याच्या दिवसांत पाहुणे येतात, ते गावकऱ्यांच्याच घरी उतरतात आणि घरच्या पोळी-भाजीवर तृप्त होतात. गावाला चार पैसे मिळतात म्हणून किनारा राखला जातो, असे कोणी म्हणेल. मिळू देत की! धर्म आणि अर्थ यांचा मेळ बसलेला असा किनारा फार थोड्या ठिकाणी पाहायला मिळतो.

वर्सोव्याचा दुसरा धडा अधिक महत्त्वाचा. पन्नास लाख किलो काढूनही दर पावसाळ्यात कचरा आलाच. तेव्हा ही मंडळी किनारा सोडून आत वळली. खाडीकाठच्या वस्त्यांत आणि पुढे मिठीच्या काठी जाऊन घराघरांत कचरा वेगळा कसा ठेवायचा, हे शिकवू लागली. या कामाला टाळ्या नाहीत, छायाचित्र नाही. पण जो कोणी किनाऱ्यावर सहा महिने टिकतो, त्याला आज ना उद्या नाल्याच्या उगमाकडे जावेच लागते.

तिकडे जाताना हातात काय न्यावे? माहिती न्यावी. १९८६ मध्ये अमेरिकेतील टेक्सास राज्याच्या किनाऱ्यावर सुमारे २,८०० स्वयंसेवक जमले. त्यांनी कचरा तर वेचलाच, पण प्रत्येक वस्तू कागदावर नोंदवली. आज सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवारी जगभर जो आंतरराष्ट्रीय किनारा स्वच्छता दिन पाळला जातो, त्याचा उगम हा. वर्षानुवर्षे त्या नोंदींत सिगारेटची थोटके पहिल्या क्रमांकावर असत. २०१९ च्या नोंदींत प्रथमच खाद्यपदार्थांच्या वेष्टनांनी ती जागा घेतली. भारतातही २०२२ मध्ये ‘स्वच्छ सागर, सुरक्षित सागर’ हे ७५ दिवसांचे अभियान ७५ किनाऱ्यांवर त्याच दिवसाला जोडून घेण्यात आले. मात्र पुष्कळ ठिकाणी वजन सांगितले गेले आणि काम संपले. ‘तीन टन कचरा काढला’ या वाक्यातून पुढे काहीच करता येत नाही. ‘चारशे पुड्यांपैकी दीडशे एकाच प्रकारच्या वेफर्सच्या, आणि शाळेजवळच्या नाल्याच्या मुखाशी’ अशी नोंद असली, तर शाळेशी बोलता येते, दुकानदाराशी बोलता येते, वेष्टन बनविणाऱ्या कंपनीकडेही बोट दाखविता येते. २०१६ च्या प्लास्टिक कचरा व्यवस्थापन नियमांनी उत्पादकावर आपले वेष्टन गोळा करण्याची जबाबदारी टाकलेली आहेच.

नोंदी ठेवू लागले की आणखी एक गोष्ट ध्यानात येते. ज्या वस्तूला भंगारात भाव आहे, ती वस्तू किनाऱ्यावर कमी सापडते. पाण्याची बाटली, जाड प्लास्टिकचा डबा, दुधाची पिशवी यांना भाव मिळतो. म्हणून शहरातील कचरावेचक त्या आधीच उचलतात. वेफर्सची, शांपूची, गुटख्याची चकचकीत पुडी प्लास्टिक आणि धातूच्या पातळ थरांनी बनलेली असते. ते थर वेगळे करणे परवडत नाही, म्हणून ती कोणीच घेत नाही आणि ती थेट समुद्राला मिळते. आज या देशातील किनारे जेवढे स्वच्छ आहेत, त्याचे मोठे श्रेय पहाटे पाठीवर पोते घेऊन निघणाऱ्या त्या माता-भगिनींना आहे. त्यांचा सत्कार कोणत्याही स्वच्छता दिनी होत नाही. पुण्यात १९९३ मध्ये ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ स्थापन झाली. त्यातून पुढे ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था उभी राहिली आणि महापालिकेशी करार करून घरोघरचा वेगळा केलेला कचरा गोळा करू लागली. विचाराची कूळकथा कोणतीही असो, कष्टकऱ्याला प्रतिष्ठा देणाऱ्या या प्रयोगाचा अभ्यास प्रत्येक कार्यकर्त्याने करावा असा आहे.

घरातल्यांनी या भगिनींसाठी करण्यासारखे काम अगदी लहान आहे. प्लास्टिक ओल्या कचऱ्यात टाकू नये. दुधाची पिशवी धुऊन, वाळवून ठेवावी, आणि कापताना तिचा कोपरा पूर्ण तोडू नये, नुसता चिरावा. तो नखाएवढा त्रिकोण कोणी वेचत नाही, तो मोरीतून गटारात आणि गटारातून खाडीत जातो. एका घरात रोज दोन पिशव्या धरल्या तर वर्षाचे सातशेतीस त्रिकोण होतात. गुणाकार पुढे ज्याचा त्याने करावा.

कायद्यांची उणीव आहे, असे नाही. २००५ च्या पुरानंतर राज्याने पन्नास मायक्रॉनहून पातळ पिशव्यांवर बंदी आणली. २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने पिशव्या आणि थर्माकोलच्या ताट-वाट्यांवर बंदी घातली आणि पहिल्या गुन्ह्यास पाच हजार रुपये दंड ठेवला. १ जुलै २०२२ पासून देशभर एकदा वापरून फेकण्याच्या काही वस्तूंवर बंदी आली. आता पिशवी जाडीने १२० मायक्रॉनहून कमी असता कामा नये, असा नियम आहे. पहिले चार महिने धाडी पडतात, दुकानदार धास्तावतात, मग फळविक्रेत्याच्या गाडीखालून पिशव्यांचा गठ्ठा हळूच वर येतो. आणि गिऱ्हाईक तो मागते म्हणून येतो, हेही सांगितले पाहिजे.

२०२२ च्या बंदीतील यादी मुळातून वाचण्यासारखी आहे. पेले, चमचे, नळ्या यांच्याबरोबर तिच्यात प्लास्टिकचे झेंडे आहेत, मिठाईच्या खोक्यावर गुंडाळलेले पातळ आवरण आहे, निमंत्रणपत्रिका आहेत आणि शंभर मायक्रॉनहून पातळ फलकही आहेत. ही यादी करणाऱ्याने सार्वजनिक कार्यक्रमाचा मांडवच नजरेसमोर ठेवला असावा, अशी शंका येते! स्वच्छता मोहिमेचाच फलक प्लास्टिकचा, स्वयंसेवकांना पाण्याच्या लहान बाटल्या, आणि नाश्ता थर्माकोलच्या बशीत, असे प्रसंग कोणी पाहिलेच नाहीत, असे म्हणणे धाडसाचे ठरेल. ज्याच्या त्याच्या घरून पेला आणि डबा आला, रंगवलेला कापडी फलक दहा वर्षे वापरला, तर कार्यक्रमाचा खर्चही कमी होतो.

२०२५ च्या प्रयागराज महाकुंभात घरोघरून स्टीलची ताटे आणि कापडी पिशव्या गोळा करून अन्नछत्रांना पुरविण्याचा उपक्रम झाला. तसा ताटांचा सामाईक साठा एखाद्या गणेशोत्सव मंडळाला किंवा गृहनिर्माण संस्थेला सहज करता येईल. फक्त ती ताटे धुणार कोण, हे आधी ठरले पाहिजे. ते काम नेहमीप्रमाणे भगिनींच्याच गळ्यात पडणार असेल, तर उपक्रम दुसऱ्या कार्यक्रमापर्यंतही टिकणार नाही आणि टिकूही नये. जेवणाऱ्याने आपले ताट घासून ठेवावे, ही शिबिरांतली साधी शिस्त लग्नाच्या पंगतीत आणता येणे अवघड असले, तरी मंडळाच्या महाप्रसादाला तिला अडचण येऊ नये.

सणांच्या बाबतीत एक गोष्ट नेमकी सांगायला हवी. निर्माल्य हा कचरा नव्हे. फुले, दूर्वा, बेल यांचे उत्तम खत होते. दोष त्या प्लास्टिकच्या पिशवीचा, जिच्यात ते करकचून बांधून पुलावरून भिरकावले जाते. पिशवी फुटत नाही, आत फुले सडतात आणि श्रद्धेने वाहिलेली वस्तू महिन्याने किनाऱ्यावर दुर्गंधीच्या रूपाने येते. परडीत नेऊन निर्माल्य कलशात रिकामे करावे आणि परडी घरी आणावी.

जुने सगळेच सोन्याचे होते, असे मानण्याचे कारण नाही. परंतु ज्यांची साठी उलटली आहे, त्यांना आरे दूध केंद्रावर रिकामी काचेची बाटली परत देऊन भरलेली घेतल्याचे आठवत असेल. बोहारणीला जुने कपडे देऊन भांडे घेणे, वाण्याकडून कागदाच्या पुड्यांत डाळ आणणे, तेलासाठी घरची बरणी नेणे, हे दारिद्र्याचे लक्षण मानून एका पिढीने सोडून दिले. आता तेच ‘पर्यावरणस्नेही’ नावाने दामदुप्पट किमतीला मॉलमध्ये मिळते. या नव्या बाजाराविषयी थोडे सावध राहावे. ‘कंपोस्टेबल’ असे छापलेली पिशवी खतप्रकल्पातल्या उष्णतेत विघटित होते. समुद्राच्या थंड पाण्यात तिची तशी खात्री देता येत नाही. कापडी पिशव्याही वीस-वीस साठवून कपाटात ठेवल्या तर त्यांचा उपयोग नाही. एकच पिशवी फाटेपर्यंत वापरावी आणि ती खिशात असावी, घरी विसरलेली नसावी.

किनाऱ्यावर जाणाऱ्यांसाठी शेवटी वेळेविषयी. ओहोटीच्या आधी तासभर काम सुरू करावे. कोकणातील जुना हिशेब असा की, तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की भरतीची वेळ साधारण कळते. द्वितीयेला दीड वाजता भरती, म्हणजे सकाळी साडेसातला ओहोटी. अष्टमीला सहाला भरती, म्हणजे सकाळी जाऊन उपयोग नाही, वाळू पाण्याखाली असेल. तेव्हा अमावास्या, पौर्णिमा किंवा त्यांच्या जवळचा रविवार धरावा. त्या दिवसांत ओहोटीला पाणीही दूरवर ओसरते आणि आदल्या भरतीने आणलेल्या कचऱ्याची ओळ वाळूवर स्पष्ट दिसते. कामाला त्या ओळीपासून प्रारंभ करावा आणि नाल्याच्या मुखाशी दोन माणसे नोंदवही घेऊन उभी करावीत. कचरा नेणाऱ्या गाडीची वेळ स्वयंसेवकांना निरोप देण्याच्या आधी पक्की करावी. गोणी भरून वाळूत राहिल्या, तर दुपारी दीड वाजता समुद्र त्या घेऊन जाईल.